हॉलंडच्या दारात आयातदार कोण?

पदमकाकांनी एकदा चक्क एसटी अडवली होती. एक निवृत्त तहसीलदार कारंज्याहून मंगरूळपीरला, आपल्याच घरी निघाले होते. काका खिडकीचा गज धरून विचारत होते, "साहेब, तिकडे उतरून घ्यायले कोण येऊन राह्यलं?" नाव कळेपर्यंत गज सुटेना. शेवटी "मीच उतरवतो काका!" म्हणून कंडक्टरने घंटी मारली.

असे हे आमचे शेजारी. पिढीजात धान्याचे व्यापारी. मी शाळेत इंग्रजी शिकवतो, म्हणून त्यांचे परदेशी मेल माझ्याकडे. हो, परदेशी! काकांचा चिया, म्हणजे ते तिळाहून बारीक बी, हॉलंडच्या एका कंपनीला पसंत पडला होता. पहिलाच माल! ट्रकला झेंडूची माळ चढली, अख्खी गल्ली जमली. काकांनी नारळ उचलला आणि हात वरच थांबला.

"मास्तर, तिकडच्या कस्टममंदी आयातदार म्हणून नाव कोणाचं?"

"कंपनीनं लिहिलंय, माल आमच्या दारापर्यंत पोचवा."

"त्यायचं दार समजलं. देशाच्या दारात कोण उभं राहीन? कर कोण भरन? तपासणीत माल अडला तं जबाब कोण देईन?"

मुंबईच्या एजंटला फोन लावला. तो म्हणाला, "आम्ही फक्त माल नेतो. आयातदार तुम्हीच ना?"

"मी? मी तं अकोल्याच्या पुढं गेलो नाई!"

मग हॉलंडच्या कंपनीतल्या बाईंना व्हिडिओ कॉल. त्या हसून म्हणाल्या, "आम्ही तर तुम्हालाच आयातदार धरून चाललो होतो."

"त्यायले सांगा मास्तर, तिकडे आपली नोंदणीच नाई. त्या नाई म्हणत असतीन तं माल खाली उतरवतो."

बाई "विचारून सांगते" म्हणाल्या. ड्रायव्हरने चहा मागवला. एका बकरीने अर्धी माळ फस्त केली. काका मात्र नारळ काखेत धरून उभे.

आणि फोन वाजला! "आयातदार आम्ही. कर आमचा, जबाबदारीही आमची."

"लेखी पाठवा म्हणा!"

तसा मेलही आला. मी तो मोठ्याने वाचला आणि काकांनी नारळ असा फोडला की पाण्याने ड्रायव्हर न्हाला. फटाके, पेढे, शिट्ट्या! ट्रक वळणाआड गेला तरी आम्ही ओरडतच होतो.

ट्रक निघतानाचं मोबाइलवर घेतलेलं चित्रण काकूंना दाखवायला दुपारी काकांच्या घरी गेलो. लकवा झाल्यापासून काकू पलंगावरच आहेत. त्यांना बोलता येत नाही. काका पलंगापुढे उभे होते. डोक्यावर टॉवेल घेऊन ते हॉलंडच्या बाई झाले, टॉवेल काढून एजंट झाले, मग चार पायांवर येऊन बकरी. काकू आवाज न करता हसत होत्या. हसताना ओठांच्या कडेला आलेली लाळ काकांनी त्याच टॉवेलाने हळूच टिपली.

मी दारात दिसलो तसं त्यांनी हात वर केला.

"थांबा मास्तर. इथला ट्रक अजून निघाला नाई."