बदजनावराची वाट

दस्तगीरचाचा डुकरांची येण्याजाण्याची वाट शोधायला निघत ते चक्क रांगत. साठी उलटलेला माणूस, टोपी खिशात, चष्मा दोरीनं बांधलेला आणि गुडघ्यांना पोत्याचे तुकडे. मी गावात ग्रामसेवक म्हणून नवा होतो. बांधावरच्या बाभळीखालून अचानक त्यांचं डोकं बाहेर आलं तेव्हा मी दोन पावलं मागं सरलो.

"उभं ऱ्हाऊन काय दिसतंय, साहेब? ते काय उभं चालतंय व्हय?" ते म्हणाले.

'ते' म्हणजे रानडुक्कर. चाचा त्याचं नाव घेत नसत. अगदीच अडलं तर 'बदजनावर' म्हणत आणि लगेच चूळ भरत. खड्ड्यात डुक्कर सापडलं की गावात चुली पेटत, तेव्हा चाचा गावाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसत. पण खड्ड्याची जागा दाखवावी तर त्यांनीच. पार मुरुम गावापर्यंत तसा जाणता दुसरा नव्हता. बुंध्याला घासलेला चिखल किती वितींवर आहे यावरून ते जनावर केवढं ते सांगत.

"आधी आठ दिस दावत द्यायची," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "भरोसा बसला की मंग खड्डा."

त्या साली भुईमूग भरला आणि डुकरांनी रानं उकरायला घेतली. सगळ्यांत धास्ती गंगूबाईला. एकटी बाई, दोन एकर रान, सगळी मदार त्या एका पिकावर. पंचायतीनं खड्डा घ्यायचं ठरवलं. चावडीवर चाचांनी जागा सांगितली ती स्वतःच्याच रानाचा पाणवठ्यापासून दूरचा कोपरा, गंगूबाईच्या बांधाला लागून.

माझ्याकडं तालुक्याहून आलेलं पत्रक होतं. खड्डा पाणवठ्याजवळ घ्यावा, असं त्यात छापलं होतं आणि छापलेल्यावर माझी फार श्रद्धा. "वा चाचा," मी चारचौघांत म्हणालो, "गावाच्या खर्चानं राखण तुमच्या रानाची!" लोक हसले. मला बरं वाटलं. हे लिहितानाही माझी मान खाली जाते.

 चाचांनी खिशातली टोपी घातली आणि ते निघून गेले.

खड्डा पाणवठ्याजवळ खणला. पंधरवड्यात त्यात एक शेळी पडली आणि एकदा मी पडलो. डुकरं मात्र वळसा घालून गेली आणि गंगूबाईचं निम्मं रान उकरून झालं.

शेवटी मी मुकाट्यानं चाचांच्या कोपऱ्यावर गेलो. तिथं भुईमुगाच्या चार ओळी न काढता ठेवलेल्या होत्या, साऱ्या उकरलेल्या. गंगूबाई बांधाला काटे लावत होती.

"चाचानं मुद्दाम ठिवल्या व्हत्या," ती म्हणाली. "हितं पोट भरलं तर माज्याकडं येनार न्हाईत, आन् हितंच सवय लागली की हितंच खड्डा. तुमी खड्डाच घेतला न्हाय. चार वळी संपल्या, मंग आली माज्यात."

मी तसाच चाचांच्या घरी गेलो. त्यांचे भाऊबंद केव्हाच हैदराबादला गेले होते, मागं हे एकटेच. दाराशी पत्र्याची पेटी दोरीनं बांधून ठेवलेली.

"भावाची दर सालाला चिठ्ठी येती, या म्हनून," ते म्हणाले. "म्या लिवतो, गावाला माजं काम हाय. त्या दिशी चावडीवरनं आलो आन् पेटी बांधली."

"मग गेला नाहीत?"

"गंगूबाईचं निम्मं रान अजून उभं हाय."

मी माफी मागितली. त्यांनी ती पुरी बोलू दिली नाही, चहा टाकला. पुढं त्यांच्या कोपऱ्यात खड्डा घेतला, दोन दांडगी डुकरं सापडली, गंगूबाईचं उरलेलं पीक घरी आलं. तालुक्याचे साहेब चावडीवर आले आणि त्यांनी विचारलं, "जागा कुणी निवडली?" सगळे माझ्याकडं बघत होते. मी म्हणालो, "पंचायतीनं." चाचा मागंच उभे होते.

त्याच आठवड्यात ती पेटी एसटीच्या टपावर चढवायला मीही हात लावला. "गंगूबाईकडं ध्यान ठिवा," खिडकीतून ते म्हणाले. निरोप द्यायला सारी चावडी जमली होती, त्या दिवशी माझ्या बोलण्यावर हसलेलीच सगळी माणसं. गाडी सुटेपर्यंत चांगला वेळ होता. मी त्या सगळ्यांसमोर एवढंच म्हणायला हवं होतं, की चाचा, चूक माझी. मी गाडी वेळेवर आहे का, ते कंडक्टरला विचारत राहिलो.