गुलाबी ही योग्य छटा

खुर्च्या बनवणाऱ्या तीन नंबरच्या मशीनला ताप येतो, याबद्दल कारखान्यात एकमत होतं. किती येतो, याबद्दल मतभेद होते. मशीनवरचा तापमापक बऱ्याच काळापासून एकच आकडा दाखवत होता. आकडा समाधानकारक असल्यामुळे दुरुस्तीचं कारण उद्भवलं नव्हतं.

मग मोठे साहेब एका प्रदर्शनातून रंग बदलणारी पूड घेऊन आले. ती प्लास्टिकच्या दाण्यात मिसळायची. उष्णता बेताची असली तर खुर्ची निळी निघते, प्लास्टिक ठिसूळ होण्याइतकी वाढली तर गुलाबी. एकदा बदललेला रंग माघारी येत नाही. देखरेखीचं काम पर्यवेक्षकाच्या गळ्यात पडलं. तो आजवर हंगामी होता आणि याच महिन्यात कायम व्हायचा होता.

पहिल्याच पाळीत झाडून सगळ्या खुर्च्या गुलाबी निघाल्या.

उष्णता थोडी उतरवावी, असं पर्यवेक्षकाने चाचरत सुचवून पाहिलं. तसं केल्यास उत्पादन मंदावेल आणि मंदावलेलं उत्पादन कुणाच्याच कार्यकक्षेत बसत नाही, असं त्याला समजावण्यात आलं. बैठक भरली. साहेबांनी गुलाबी खुर्ची चारी बाजूंनी न्याहाळली. तिच्यावर बसले मात्र नाहीत.

"रंग झकास आहे की," ते म्हणाले. "निळाच बरोबर, हे ठरवलं कुणी?"

"पूडवाल्यांनी, साहेब."

"खुर्च्या ते बनवतात की आपण?"

लगेच परिपत्रक निघालं: यापुढे गुलाबी ही योग्य छटा समजावी, निळी सदोष. पर्यवेक्षकाने मान डोलावली. कायम होऊ घातलेल्या माणसाची मान एकाच दिशेने हलते.

पुढे एकदा वीज कमी दाबाने आली, मशीन निवलं आणि निळ्या खुर्च्या पडू लागल्या. पर्यवेक्षक एकीवर उभा राहिला. ती कुरकुरलीसुद्धा नाही. नियमाप्रमाणे त्याने त्या सगळ्या मोडीत काढल्या. मोडता मोडेनात, तेव्हा घण मागवला. या दक्षतेबद्दल त्याचा सत्कार झाला, तो कायम झाला आणि भेट म्हणून त्याला एक गुलाबी खुर्ची मिळाली.

जावयाचं कौतुक करायला सासरे मुद्दाम घरी आले. बायकोने नवी खुर्ची पुढे सरकवली. 'तिच्यावर नको' हे शब्द पर्यवेक्षकाच्या जिभेवर आले होते, पण परिपत्रकाविरुद्ध बोलण्याची सवय राहिली नव्हती. सासरे ऐसपैस टेकले आणि दुसऱ्या क्षणी जमिनीवर होते.

"बाबांची कंबर गेली," बायको म्हणाली. "तुम्हाला ठाऊक होतं ना?"

"खुर्ची नियमानुसार योग्य होती," तो म्हणाला.

दवाखान्यात भिंतीलगत गुलाबी खुर्च्यांची रांग होती. सगळ्या भरलेल्या. एका आजींनी पिशवी उचलून जागा करून दिली, तरी पर्यवेक्षक उभाच राहिला.

या छटेला बाजारात फार मागणी आहे म्हणतात. पडद्यांना शोभेल ना, एवढंच गिऱ्हाईक विचारतं. हे वाचता वाचता आपण कुठल्या रंगावर बसलो आहोत, ते पाहायला वाचकांनी मात्र घाईने उठू नये. उठताना सगळा भार खुर्चीच्या पुढच्या पायांवर येतो.