शेल्याच्या राज्यातून गणोजी कमी जाहला, ते वर्तमान

श्री. जो वाटोळा असोन कोणाचेच बाजूस टेकत नाही, ज्याचे पोटी वारा आणि पाठीस अखंड लाथ, तरी ज्याची तक्रार आजवर कोणत्याही दरबारी दाखल जाहली नाही, त्या चेंडूस दंडवत घालोन हे वर्तमान लिहिले असे. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, कार्तिक मास. एक मुलूख होता, त्याचे नाव लिहावयाची आज्ञा नाही. त्या मुलखी फुटबॉलाची विद्या मोठी. सरकारांनी गावाबाहेर हिरवळीचे मैदान बांधोन, पोरांस राहावयास माडी, खावयास अंडी-केळी आणि शिकवावयास येसबा वस्ताद, ऐसा सरंजाम करोन विद्यालय घातले. दरसाल एक पोर दक्षिणेकडील बड्या संघात नामजाद व्हावा, आणि ज्याचे शील कमी ठरेल तो घरी रवाना व्हावा, ऐसा कायदा. येसबा वस्ताद पोटाने सुटलेले, गुडघ्याने गेलेले, परंतु शिट्टी फुंकिली म्हणजे झाडावरील कावळे उठोन जात. त्यांचे शिकवणे एकच, "बॉल घ्या, माणूस सोडा." या मंत्रावर बहुत पोरे मोठी जाहली.

मग सरकारांनी त्र्यंबकपंत दिवाण नवे ठेविले. दिवाण मोठे हिशेबी, परदेशी शिकोन आलेले, चेंडूस पाय कधी लाविला नव्हता ही गोष्ट वेगळी. त्यांनी भर सभेत अर्ज केला की, "सरकार, कसब डोळ्यांस दिसते, शील दिसत नाही. जे दिसत नाही ते मोजावे कैसे?" सभा विचारात पडली. कोणी म्हणाले, पोरगा घरी आईशी कैसा बोलतो ते पाहावे. दिवाण हसले आणि म्हणाले, "त्याला माणसं किती लागतील?" मग त्यांनीच तोड काढिली. खेळताना प्रतिपक्षाचा गडी पडला तर जो पोर त्यास हात देऊन उचलील, पाठीची धूळ झटकील आणि 'लागलं का?' ऐसे पुसेल, त्यास तेथेच पांढरा शेला द्यावा. ज्यास शेला त्यास शील. सरकार बहुत खूष जाहले आणि शेल्यांचे कापड गाडी भरोन आले.

पहिला महिना शेले थोडेच गेले. मग पोरांचे ध्यानी आले की, पडलेला गडी सापडणे हीच मोठी अडचण. आणि अडचण कळली म्हणजे पोरे ती दूर करितात, त्यासाठीच तर विद्या. एकाएकी त्या मैदानी माणसे पडों लागली. पाऊस नाही, चिखल नाही, आणि धडधाकट पाहुणे गडी खुंटीवरील सदऱ्यांसारखे गळोन पडताहेत! त्यात हैबती म्हणोन एक पोर फारच तयार. उजवे कोपर बरगडीत, डावा हात पुढे, आणि गडी भुईस टेकण्याआधीच मुखी शब्द, "लागलं का दादा?" पाहुण्यांचा एक वस्ताद तोंडात बोट घालोन म्हणाला, "एवढी अदबशीर मारामारी बापजन्मी पाहिली न्हाई." दिवाण हे ऐकोन लाजले. त्यांस ती तारीफ वाटली.

आता गणोजीची हकीकत. हा कुंभारवाड्यातील पोर, बचावास उभा राहणारा, बोलणे कमी, कान मोठे. याचे कसब ऐसे की समोरून गडी तुफान यावा आणि याने पायाच्या आतील बाजूने चेंडू ऐसा अलगद काढोन घ्यावा की, गडी चेंडूवाचून आणखी चार पावले पळत जावा आणि मग मागे वळोन पाहावा. कोणी पडत नाही. पडत नाही तर उचलावा कोणास? सबब साऱ्या पोरांचे गळी शेले, हैबतीचे तर उशीही शेल्यांचीच, आणि गणोजीचा गळा मोकळा.

मग निवडीचा दिवस आला. दक्षिणेकडील बड्या संघाचे पारखी पोर निवडावयास येऊन मांडवात बसले. शेजारील मुलखाचा संघ खेळावयास आला, त्यात परशा म्हणोन चपळ गडी आघाडीस. सकाळीच दिवाणांचा हुकूम फिरला की, सायंकाळपावेतो ज्याचे गळी शेला नाही तो घरी जाईल. खेळ सुरू जाहला, गणोजीने परशाचे पायातून तीन वेळा चेंडू काढिला, आणि पारख्यांनी दिवाणांस पुसिले, "तो कोण पोरगा?" दिवाण म्हणाले, "कसब आहे हो, पण शीलाच्या बाजूनं रिकामा आहे." पारख्यांनी मान हलविली आणि चहा घेतला.

मध्यंतरी वस्तादांनी गणोजीस गोलखांबामागे नेले.

"गण्या, जरासा खांदा लाव त्याला. पडंल. मग उचल. एवढंच."

"वस्ताद, तुम्हीच सांगितलं की, बॉल घ्या, माणूस सोडा."

"ते सांगितलं तवा शेला नव्हता रं!"

"मला न्हाई येत पाडाया."

"अरं, बारकी बारकी पोरं पाडत्यात! आन तू एवढा घोडा! घरी जायाचंय का तुला? आईला काय सांगशील, शील न्हाई म्हनून काढला?"

वस्तादांनी तोंड फिरविले, कारण त्यांचे डोळे भरले होते.

मग पुन्हा शिट्टी जाहली आणि परशा चेंडू घेऊन एकटा सुटला. गणोजी पुढे आला आणि त्याने खांदा लाविला. आता हैबतीसारख्यास किती जोर लावावा ते ठाऊक, त्याने महिनोन्महिने तालीम केलेली. गणोजीने जन्मात कोणास धक्का दिला नव्हता, सबब त्यास माप ठाऊक नाही. सगळे अंग लागले. परशा उडोन पडला आणि त्याचे खांद्याचे हाड मोडल्याचा आवाज मांडवात ऐकू आला. मैदान चाट पडले. आणि गणोजी? हात द्यावा, उचलावा, पुसावे, हे काहीच त्यास सुचेना. तो परशाजवळ भुईवर बसला, त्याचा चांगला हात धरिला, आणि लेकरासारखा रडों लागला. तोच पलीकडून हैबती धावत आला, परशास दुसऱ्या बाजूने धरोन उभा केला, परशा वेदनेने किंचाळला, हैबतीने धूळ झटकिली आणि "लागलं का दादा?" ऐसे पुसिले. दिवाणांनी तेथेच त्यास शेला घातिला. लोकांनी टाळ्या वाजविल्या! हे लिहिताना आजही हात थांबतो.

गणोजी सामना टाकोन परशासंगे इस्पितळात गेला. मागोमाग वस्ताद गेले. थोड्या वेळाने दिवाण आले, बरोबर फोटोवाला आणि एक कोरा शेला.

वस्तादांनी पुढे होऊन हात जोडिले. "दिवाणजी, पोराचा दोष न्हाई. मीच सांगितलं त्याला पाडाया. काय शिक्षा द्यायची ती मला द्या."

दिवाण चकित होऊन म्हणाले, "शिक्षा कसली वस्ताद? योग्यच सांगितलंत! पाडल्याशिवाय उचलायचं कुणाला?"

वस्ताद भिंतीस टेकले.

दिवाण गणोजीस म्हणाले, "बाळ, तू रुग्णाजवळ बसलास, हेही उचलण्यातच धरू. पारखी अजून थांबलेत. इकडे बघ, हात त्याच्या कपाळावर ठेव. हं, फोटो घ्या."

गणोजीने हात मागे घेतला. "मीच मोडलंय साहेब त्याचं हाड. त्याचा शेला कसा घेऊ?"

परशा खाटेवरून कण्हत म्हणाला, "घे की येड्या! माझं मोडायचं ते मोडलं. तुझं तरी बस्तान बसू दे."

"गप पड तू," ऐसे गणोजी बोलिला, आणि शेल्यास हात लाविला नाही.

दुसरे दिवशी सकाळी साऱ्या पोरांस रांगेत उभे करोन हुकूम वाचिला: गणोजी कुंभार, कसब उत्तम, शील निरंक, सबब विद्यालयातून कमी केला असे. हैबती दक्षिणेस रवाना जाहला. गणोजीने बूट जमा केले आणि अनवाणीच निघाला, परंतु गावाचे वाटेस न लागता इस्पितळाकडे वळला.

एकूण वर्तमान ऐसे. शेजारील मुलखांनी त्या मुलखाशी खेळणे सोडिले, तेव्हा पोरे आता आपापसांत पाडितात आणि आपापसांत उचलितात. वस्ताद शिट्टी फुंकितात, मंत्र सांगत नाहीत. शेल्यांस तोटा नाही. साऱ्या राज्यात शील नाही ऐसा एकच निघाला होता, तो काढिला. राज्य निर्मळ जाहले.