पळी कोनती शे?

आमच्या खानदेशातल्या पिंप्राळ्यात माझ्या शेजारी राहणारे नाना हॉटेलात जेवायला जाताना घरून पळी घेऊन जातात. गंमत म्हणून सांगत नाही. चांगली लांब दांड्याची, सोनगीरच्या तांबटाकडची पितळी पळी, जुन्या उपरण्यात गुंडाळून कापडी पिशवीत. मेन्यूकार्डाला हात लावायच्या आधी ते भटारखान्यात शिरतात आणि स्वयंपाकिणीला विचारतात, "भाभी, भाजी कोनती बी द्या, पन पळी कोनती शे ते सांगा."

नानांचं शाकाहारी असणं असं पळीवर येऊन थांबतं. जी पळी एकदा मटणाच्या रश्शात बुडाली ती कायमची गेली, मग तिला राखेनं घासा नाहीतर गंगेत बुडवा. एका ढाब्यावरची बाई वैतागून म्हणाली, "काका, पळी पळीसारखी शे." त्या दिवशी आम्ही दोघांनी दह्याबरोबर भाकरी खाल्ली. मला शेवभाजी हवी होती, पण माझं कोण ऐकतो.

दुसरी सवय 'भाभी'ची. आमच्याकडच्या बोलण्यात हिंदी मुरलेलीच आहे, पण नाना अनोळखी बाईला दुसरं काही म्हणतच नाहीत. बसची कंडक्टर भाभी, दाताची डॉक्टर भाभी.

पूर्वी ते नुसतं विचारायचे. पळी सोबत नेणं अलीकडचं, ज्योतीच्या लग्नानंतरचं.

ज्योती ही त्यांची एकुलती एक मुलगी. नोकरीसाठी क्वालालंपूरला गेली आणि तिथल्याच एका चिनी घरातल्या वेई नावाच्या मुलाशी तिनं लग्न केलं. वेईच्या आईचं तिथं छोटं हॉटेल आहे आणि त्यात सगळं शिजतं. नाना लग्नाला गेले नाहीत. मग एक दिवस ज्योतीचा फोन आला. "नाना, माझ्या सासूच्या हातचं जेवणार असाल तरच या. इथं येऊन उपाशी बसणार असाल तर येऊच नका. मला ते बघवणार नाही."

 तिसऱ्या दिवशी नाना माझ्याकडे येऊन म्हणाले, "चाल. तुले इंग्रजी येस."

असा मी, विमा कंपनीतला एक साधा कारकून, रजा टाकून मलेशियाला गेलो.

पहिला धक्का विमानतळाबाहेरच्या हॉटेलात बसला. मी 'नो मीट, नो फिश, नो एग' असं बजावून पालेभाजी मागवली. हिरवीगार भाजी आली. नानांनी ताटली नाकाशी नेली आणि खाली ठेवली. "यामा समुद्र शे."

मी वेटरला विचारलं. तो हसून म्हणाला, मांस अजिबात नाही, फक्त कोळंबीचं थोडं वाटण. ते तर सगळ्यातच असतं. मी हादरलो, कारण तोवर माझे दोन घास पोटात गेले होते. आम्हा खानदेशी माणसांना समुद्र मिठापुरताच ठाऊक. इथं तो पालेभाजीत लपून बसला होता.

नाना रात्री बिस्किटं खाऊन झोपले. मला ज्योतीची काळजी वाटायला लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी विहीणबाईंच्या हॉटेलात गेलो. ठेंगणीशी, हसरी बाई. इंग्रजी बेताचंच. आमच्यासाठी कोपऱ्यातलं गोल टेबल मांडलं होतं. नारळाच्या दुधातला भात, वांगी, भेंडी, टोफू. ज्योती मला हळूच म्हणाली की सासूबाई आठवडाभर विचारत होत्या, तुझे वडील काय खातात, काय नाही.

नानांनी खुर्ची सरकवली, पिशवीतून पळी काढली आणि भटारखान्याच्या दाराशी गेले. ज्योतीनं डोळे मिटून घेतले.

"भाभी," नाना म्हणाले.

विहीणबाई दचकल्या. "बाबी?"

आपलं बोलणं समजलं म्हणून नाना खूश झाले. मान डोलावून, पळी पुढे करून म्हणाले, "हां, भाभी. भाभी."

बाईंचा चेहरा उजळला. त्यांनी नानांच्या हातातून पळी घेतली, शेजारच्या मोठ्या पातेल्यात बुडवली आणि दाट, तेलकट, तांबूस काहीतरी भरून वाटीत ओतलं.

"नाना, नका," ज्योती ओरडली. "इथं 'बाबी' म्हणजे डुक्कर."

 शेजारच्या टेबलावरच्यांनीही जेवण थांबवलं. पळीच्या टोकावरून रस्सा ठिबकत होता. वेईनं आईला त्यांच्या भाषेत समजावलं तशी त्या माउलीनं तोंडावर हात ठेवला. बिचारीला वाटलं होतं, व्याही मुलीच्या धाकानं शाकाहारी झालेत आणि आता हळूच खरं सांगताहेत.

नाना खांबासारखे उभे. मी मनातल्या मनात परतीचं तिकीट बदलायला लागलो.

विहीणबाईंनी पळी नळाखाली धरली. साबण लावला, घासली, पुन्हा साबण लावला. रडत होत्या आणि घासत होत्या. मधेच थांबल्या. दांड्यावर कोरलेल्या अक्षरांवर त्यांनी अंगठा फिरवला आणि ज्योतीला खुणेनं विचारलं, हे काय?

ज्योतीनं पळी हातात घेतली. दांडा उजेडाकडे धरला. मग मोठ्यानं वाचलं, "चि. ज्योती."

इतके दिवस ती पळी माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून जेवली, पण उपरणं सोडून दांडा पाहावा असं मला कधी सुचलं नव्हतं.

"आंदणनी शे," नाना भिंतीकडे बघत म्हणाले. "बाकीना भांडा घर शेतस. बठ्ठास्वर तुन्हं नाव शे."

लग्नाला न गेलेल्या माणसानं मुलीचं आंदण तांबटाकडून नाव घालून घेतलं होतं, आणि द्यायचं कसं ते न कळून तो त्यातली एक पळी पिशवीत घालून गावभर हिंडवत होता. मला फार वाईट वाटलं. ज्योतीनं त्यांचा हात धरला आणि त्यांनी तो धरू दिला.

"ती पळी आता राहू दे," नाना तिला म्हणाले. "तुन्हीच शे."

मग ते टेबलाशी येऊन बसले. भाताच्या भांड्यात विहीणबाईंची वाढायची पळी होती. तिच्या दांड्यावर दुकानाची किमतीची चिठ्ठी अजून चिकटलेली मला दिसली. भेंडीतल्या चमच्यावरही होती. नानांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांनी ताट पुढे केलं.

"भाभी, वाढा."

या वेळी बाईंनी आधी ज्योतीकडे पाहिलं. ज्योती हसली, तशी त्यांनी भात वाढला.

नाना जेवले. दुसऱ्यांदा भात घेतला. पळी कोणती, ते विचारलं नाही.