इलाहीभाईंच्या बत्तीतलं थोरियम

"अणुभट्टीचं इंधन बघायला लांब कशाला जायाला पायजे? माझ्या ट्रंकेत हाय की!"

इलाहीभाईंनी चहाच्या गाड्यावर हे वाक्य टाकलं आणि सगळी माणसं कपातून तोंड काढून त्यांच्याकडं बघायला लागली.

इलाहीभाई म्हणजे पेठेतले बत्तीवाले. नवरदेवाची मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंतची मिरवणूक, म्हणजे परण्या, एके काळी त्यांच्या गॅसबत्त्यांशिवाय निघतच नसे. मग जनरेटर आले, एलईडी आली आणि अकरा वर्षं बत्त्या माळ्यावर उताण्या पडल्या. भाई मात्र दर शुक्रवारी त्या पुसायचे. मरायच्या आधी एकदा त्या भर रस्त्यात नवरदेवापुढं पेटलेल्या बघायच्या, एवढीच त्यांची इच्छा उरली होती. आणि अचानक जुने दोस्त आण्णा येऊन म्हणाले, "माझ्या नातीच्या, संयोगिताच्या लग्नात तुझ्याच बत्त्या, लेका! माझ्या परण्याला हुत्या तशा!"

भाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. तेवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं!

पण घरात नात होती. मेहक, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, विषय फिजिक्स. ती म्हणाली, "दादा, बत्तीत ती जाळीची पिशवी असते ना, मॅन्टल? जुन्या मॅन्टलमध्ये थोरियम असायचं! उद्या युरेनियमच्या जागी तेच वापरून वीज करायची म्हणतायत. केरळच्या वाळूत ढीगभर आहे आपल्याकडं."

"मग आजवर का न्हाय केली?" भाईंचं कुतूहल जागं झालं.

"कारण ते आपणहून पेटत नाही. नुसतं दूध ठेवलं तर दही लागतं का? विरजण लागतं! तसं थोरियमला आधी थोडं युरेनियम नाहीतर प्लुटोनियम लागतं. मग थोरियमचंच नवं युरेनियम होतं, आणि ते जळतं."

भाईंनी रात्रीचं जेवण होईपर्यंत तिला सत्तावीस प्रश्न विचारले. दुसऱ्या दिवशी गाड्यावर ते प्रोफेसर झाले होते!

संध्याकाळी आण्णांच्या मंडळी, बनाबाई, दारात हजर.

"इलाहीभाऊ, माझ्या नातीच्या लग्नात अणुबाँब?"

"वैनी, बाँब न्हवं, इंधन!"

"म्हंजे बाँबाचा भाऊच की!"

मेहकनं मधे पडून विरजणाची गोष्ट पुन्हा सांगितली. बनाबाईंच्या गोठ्यात दोन म्हशी, चाळीस वर्षं दही लावण्यात गेलेली. त्यांना सगळं लगेच कळलं. जरा जास्तच कळलं!

"म्हंजे थोरियम हे दूध. इरजण न्हाय तवर गरीब."

"अगदी बरोबर, आज्जी!"

बनाबाई समाधानानं फाटकापर्यंत गेल्या आणि तिथूनच उलट्या फिरल्या. "पोरी, आमचा नवरदेव कुठं नोकरीला हाय?"

हातकणंगल्याचा यशराज अणुवीज केंद्रात इंजिनिअर होता!

"अगं बाई! इरजणच घोड्यावर बसून यायलंय!"

"आज्जी, ते माणसाच्या अंगाला चिकटून येत नाही!"

"इरजणाच्या भांड्यातला हात दुधात बुडीव, अन् मग सांग मला!"

याचं उत्तर बी.एस्सी.च्या अभ्यासक्रमात नव्हतं. हुकूम सुटला: बत्त्या नवरदेवापासून शंभर पावलं लांब!

लग्नाच्या आदल्या दिवशी भाईंनी ट्रंकेतून मॅन्टलचं पाकीट काढलं. मेहकनं ते वाचलं आणि कपाळावर हात मारला. "दादा, यात थोरियम नाहीच! थोरियममुक्त लिहिलंय!"

"हळू वाच की जरा!" भाई दबक्या आवाजात म्हणाले. जुनी मॅन्टल कधीच जळून संपली होती, ही नंतर आणलेली. पण गाड्यावर लोक आता त्यांना 'शास्त्रज्ञ' म्हणत होते. भाईंनी पाकीट गुपचूप खिशात घातलं.

परण्या दिवेलागणीला निघाला. पुढं सहा बत्त्या फुसफुसत होत्या आणि शंभर पावलं मागं अंधारात नवरदेव! बत्त्यांभोवती मात्र ही गर्दी! सेल्फी काय, प्रश्न काय! पन्हाळ्याहून आलेले एक गृहस्थ तर पुन्हा पुन्हा वाकून बघत होते.

"पावणं, जरा लांबून! अणुइंधन हाय!" भाई रुबाबात ओरडले.

मग त्यांनी सहज मागं वळून बघितलं. नवरदेवाचं तोंडसुद्धा दिसत नव्हतं. त्यांच्या बत्त्यांचा सगळा उजेड एका वडापावच्या गाड्यावर पडला होता. भाईंना फार वाईट वाटलं. अकरा वर्षं पुसल्या त्या ह्याच्यासाठी?

तेवढ्यात कुणीतरी यशराजला सांगितलं की पुढं थोरियम आहे. पठ्ठ्यानं घोड्यावरून उडीच मारली! "थोरियम? आयुष्यभर वाचलंय, बघू तरी द्या की!" मुंडावळ्या उडवत तो बत्त्यांकडं पळत सुटला.

"आडवा त्याला!" बनाबाई किंचाळल्या. "इरजण दुधात चाललं!"

चार मामांनी नवरदेवाला धरला. फेटा गटाराच्या काठावर पडला. नवरदेवाचे वडील लालबुंद झाले. "आमच्या पोराला चोरासारखं धरताय व्हय? वळवा रे घोडं! हे लगीन न्हाय हुणार!"

आण्णा मटकन पायरीवर बसले. त्यांचा चेहरा बघून भाईंना राहवलं नाही. त्यांनी खिशातलं पाकीट वर धरलं.

"सोडा पोराला! ह्यात थोरियम न्हाय! मला कालच कळलंय. नुसत्या फुशारक्या मारल्या मी!"

व्याह्यांनी पाकीट दोनदा वाचलं आणि फेटा झटकून मुलाच्या डोक्यावर ठेवला. बत्त्यांभोवतीची गर्दी मात्र बघता बघता आइस्क्रीमकडं पांगली. पन्हाळ्याचे पाव्हणे तर "आमास्नी काय कामं न्हाईत काय?" म्हणत गेले.

"म्हणजे थोडंसुद्धा नाही?" यशराजनं विचारलं आणि खट्टू होऊन घोड्यावर चढला.

आता बत्त्या नवरदेवाच्या अगदी जवळ आल्या. त्याचं पडलेलं तोंड कसं लख्ख दिसायला लागलं! भाईंनी भरल्या डोळ्यांनी एका बत्तीला पंप मारला.

शेजारी बनाबाई येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी बत्ती वरपासून खालपर्यंत न्याहाळली.

"थोरियम न्हाय?"

"न्हाय, वैनी."

"युरेनियम बी न्हाय?"

"न्हाय. नुसतं घासलेट."

"मग ह्यापरास एलईडी काय वाईट हुती?"