तांडेलांचं लाल झाड

नौपाड्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये हरिश्चंद्र तांडेल हा एकच कोळी, आणि घरात चार फुटी काचेची टाकी असलेलाही तो एकटाच. टाकीत मासा मात्र औषधालाही नव्हता. नुसती वाळू, पाणी आणि मधोमध एक लालभडक झाड. "मासे कुठायत?" असं विचारणाऱ्याला त्या घरात पुन्हा चहा मिळत नसे.

"मासा बाजारात बघायचा," तांडेल सुनावायचा. "इथे झाड बघा. आणि सावली पाडू नका."

टाकीवर तीन ट्यूबलाइट टांगलेल्या होत्या. त्यांच्या आणि झाडाच्या मध्ये कुणी आलं, की एरवी कंपनीत मान खाली घालून ड्रॉइंगं काढणारा हा माणूस असा खेकसायचा, की आमच्या सेक्रेटरींच्या हातून एकदा बशीच पडली.

झाड त्याला आंबिवली स्टेशनामागच्या एका डबक्यात सापडलेलं. तिथे ते हिरवं होतं. पण पाण्याखाली बुडवून पोटभर उजेड दिला तर लाल होतं, हा शोध त्याने दोन वर्षं खपून लावला. तोवर डबक्यात भराव पडून वर इमारत उभी राहिली. आता ते झाड होतं ते फक्त तांडेलच्या टाकीत.

झाडाला कार्बन डायऑक्साइड हवा म्हणून त्याने सलाइनच्या बाटलीत साखर आणि पावाचं यीस्ट घालून नळी पाण्यात सोडली होती. खिडकीतून ती बाटली दिसली आणि समोरच्या जोशीकाकू शहाळं घेऊन भेटायला आल्या. तांडेलने शहाळं ठेवून घेतलं आणि म्हणाला, "पेशंट बरा आहे. सावली बाजूला घ्या."

घरात तो आणि त्याची आई. जन्मभर मासळी विकलेली बाई, आता नजर अधू झाल्यामुळे दिवसभर टाकीसमोर खुर्चीत असायची. तिची सावली अख्ख्या टाकीवर पडली तरी तांडेल चकार शब्द काढत नसे. मला ही उघड उघड वशिलेबाजी वाटायची.

मग एका मे महिन्यात कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर जळला. दोन दिवस झाले तरी वीज नाही. टाकीतलं पाणी कोमट झालं, खालची पानं विरघळायला लागली. तिसऱ्या दिवशी तांडेलला रजा मिळेना. सकाळी त्याने गोणपाटात गुंडाळून बर्फाची लादी आणली आणि मला बोलावलं.

"हे पिशवीत भरायचं, तोंड बांधायचं, पाण्यावर सोडायचं. दर तासाला पिशवी बदलायची. बर्फ उघडा टाकायचा नाही. हे गेलं तर दुसरं कुठून आणू मी?"

मी सुट्टीवर होतो, हो म्हणालो. एक वाजेपर्यंत पिशव्या बदलल्या. मग घरी जेवायला गेलो आणि जेवून जरा आडवा झालो.

जाग आली तेव्हा पाच वाजले होते. धावत गेलो. टाकीत बर्फाचे उघडे तुकडे विरघळत होते, आणि झाड पार गळून वाळूवर पडलं होतं. पानं राखाडी झाली होती. मी पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. खारट. म्हातारीने जन्मभर पाटीतल्या मासळीला लावला तसा बर्फ लावला होता, वर जाडं मीठ घालून.

तिला काय बोलणार? चूक माझी होती. सहा वाजेपर्यंत मी तिथेच बसलो. जिन्यात पावलं वाजली. सावलीवरून खेकसणारा माणूस आता आईला काय म्हणेल, या कल्पनेनेच मी दाराआड सरकलो.

तांडेल थेट टाकीपाशी गेला. त्याने पाहिलं.

"पानी तापलेलं, पोरा," म्हातारी कौतुकाने म्हणाली. "बरफ टाकलाय, वर मीठ टाकलाय. उद्यापर्यंत थंड ऱ्हाईल. बग आता, कवरा लाल दिसतंय."

तो आईच्या तोंडाकडे बघत राहिला. मग तिच्या खुर्चीशी खाली बसला.

"हो आये," तो म्हणाला. "आज लय लाल झालाय."

मी माफी मागायला त्याला गॅलरीत गाठलं. त्याने ऐकलंच नाही.

"हिरवं तिला केव्हाच दिसेनासं झालंय," तो म्हणाला. "भडक लाल तेवढं कळायचं. म्हणून तर हा सगळा खटाटोप. मला वाटत होतं, तेवढं तरी दिसतंय अजून."

दुसऱ्या दिवशी वीज आली. तांडेलने टाकी धुतली, नवं पाणी भरलं, ट्यूब लावल्या. झाडाची एक काडीसुद्धा उरली नव्हती. संध्याकाळी त्यांच्या दारावरून जाताना मी थबकलो. रिकाम्या पाण्यासमोर म्हातारी खुर्चीत बसली होती आणि तांडेल शेजारी स्टुलावर.

"शेंड्याला दोन नवी पानं फुटलीत, आये," तो सांगत होता.

"कवरी?"

"नखाएवढी."