किसननानांनी पाहिलेलं शेवटचं स्थळ

किसननाना कुणाच्याही घरी गेले की आधी माणसांना रामराम करत नसत, सरळ गोठ्यात जात. यजमान ओसरीवर घोंगडी अंथरून हात जोडून उभा, आणि पाहुणा तिकडे बैलाच्या पाठीवरून हात फिरवतोय! नवखा माणूस गांगरून जायचा. पण आमच्या डोणगावच्या आसपास नवखं राहिलं होतं कोण? नाना गोठ्यात शिरले म्हणजे घरातल्या पोराची परीक्षा सुरू झाली, हे शेंबड्या पोरालाही कळायचं.

"ज्याच्या बैलाच्या बरगड्या मोजता येतात ना सुपडू," नाना मला सांगायचे, "त्याच्या सुनेच्याबी मोजता येतीन. वरीसभर थांब फक्त."

सुपडू म्हणजे मी. डोणगावात बाजाराच्या तोंडाशी माझं शिंपीकामाचं दुकान, आणि दुकानाला लागून नानांचं घर. नाना सोयरिकी जमवायचे, त्याही नेहमी मुलीकडून. घ्यायचे काही नाहीत; लग्नात एक टोपी आणि पोटभर बुंदी, बस्स. त्यांनी सोयरीक जमवली की नवरदेवाचा सदरा माझ्या मशीनवर आलाच म्हणून समजा. त्यामुळे नानांबद्दल मी वाईटसाईट बोलेन, अशी आशा कुणी धरू नये.

स्थळ पाहण्याची त्यांची रीतच न्यारी होती. न कळवता जायचं, तेही चूल पेटायच्या वेळेला. गोठा झाला की पाणी मागायचं आणि माठाच्या बुडाखाली बोट फिरवून शेवाळ लागतं का ते पाहायचं. मग गावातल्या न्हाव्याकडे जाऊन बसायचं. आणि शेवटी त्या घरी जेवायचं. "खाल्ल्याबिगर खोट कयत नाही" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. साखरखेर्ड्याला एकदा मोठं तालेवार घर होतं. पोरगा शिकलेला, माडीवर रेडिओ लावलेला. नाना गोठ्यात गेले, बैलाच्या खांद्यावर जू घासून चिघळलेली जखम पाहिली आणि वाढलेलं ताट तसंच ठेवून निघाले. "मुक्या जनावराचं दुखनं ज्याले कयत नाही, त्याले पोरीचं मन काय कयन?" पुढे कित्येक वर्षं त्या घरचे लोक नानांना पाहून रस्ता बदलत.

माझी सोयरीकही त्यांचीच. माझी शहानिशा करायला सासऱ्यांनी नानांनाच गाठलं होतं, आणि नाना लगेच उलट आमच्या बाजूने त्यांचं घर पाहायला गेले. परत आल्यावर मी विचारलं, "नाना, पोरगी कशी हाय?" म्हणाले, "पोरगी सावळी हाय, पन घरात मांजर जाड हाय. करून टाक." आमची ही अजून टोमणा मारते, "तुमी मले कुठं पसंत केलं? आमच्या मांजरीले केलं."

साऱ्या तालुक्याची लग्नं लावली, पण स्वतःचं राहिलं. वडील लवकर गेले, पाठीवर चार बहिणी. त्यांना एकेक करून उजवता उजवता नानांचंच वय निघून गेलं. सगळ्यांत धाकटी विधवा होऊन परत आली. तिला सगळे अक्का म्हणायचे. भावाबहिणीचा संसार बरा चालला होता, रोज भांडण आणि रोज गरम भाकर. मग अक्काही गेली, आणि नानांना म्हातारपण एकदम येऊन भेटलं.

डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. वरणात तिखटाऐवजी हळद जायची, भाकर करपायची. एकदा तवा उचलताना सगळा पंजा भाजून घेतला आणि मला सांगितलं की चिवडीने बोचकारलं. चिवडी नावाची मांजर मरून वर्ष उलटलं होतं. आमच्या हिने रोज ताट पाठवायला सुरुवात केली. नानांनी काही दिवस घेतलं, मग ताट झाकून परत.

"शेजाऱ्याचं ताट सनावारीच गोड लागते, पोरी," म्हणाले. "रोज आलं का ते उपकार होते."

अकोल्याचा भाचा येऊन घेऊन गेला. नाना पंधरवड्यात परत. मी म्हटलं, "काऊन हो नाना? भाचा नीट वागला नाही का?"

"भाचा सोन्यावानी हाय. पन दोन खोल्या, तिसऱ्या माडीवर. गोठाच नाही तिथं. कायच्यावरून ठरवू मी, मानूस कसा हाय ते?" मग म्हणाले, "रात्री मी खोकललो का सून उठून पानी द्याची. दिवसभर बिचारी डुलक्या घ्याची. अशानं सोयरीक टिकत नसते."

त्याच सुमारास मेहकरच्या पलीकडे एका धर्मादाय मंडळाने वृद्धाश्रम काढला. आमच्याकडे तो शब्द कुणाच्या तोंडात बसेना. सगळे त्याला 'म्हाताऱ्यायचं बोर्डिंग' म्हणत, आणि म्हणताना आवाज खाली आणत, घरात कुणी मेल्यासारखा. एका सकाळी नाना ठेवणीतला फेटा बांधून दुकानात हजर. मी काज करत होतो.

"चाल बे. स्थय पाहाले जायचं."

"कोनाच्या पोरीसाठी?"

"माह्यासाठी," नाना म्हणाले. "या वक्ती पोरगी मी हावो."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "नाना, आमी काय मेलो का? गाव तोंडात शेन घालीन आमच्या! शेजारी शिंपी असून म्हाताऱ्याले बोर्डिंगात टाकलं म्हनतीन."

"गाव काय म्हनते ते म्या जलमभर आयकलं. पोरीच्या बापाले कोनतं गाव चांगलं म्हनते?" फेट्याचं टोक खांद्यावर घेत ते म्हणाले, "हे पाह्य. घरी राह्यलो तं एक दिवस जयून मरतो. भाच्याकडं राह्यलो तं ते पोरगी जागून जागून मरते. हे तिसरं स्थय. पाहाले काय जाते? नाही पटलं तं वापस."

मी मशीनवर फडकं टाकलं आणि निघालो.

मेहकरपर्यंत यष्टीने आणि पुढे पायी. फाटकात व्यवस्थापक भेटले. चष्मेवाले, पुण्याकडचे असावेत, फार सौम्य गृहस्थ. "या, या. आजोबांना दाखल करायचं आहे का?"

"ते मंग," नाना म्हणाले. "आधी गोठा दाखवा."

व्यवस्थापकांनी माझ्याकडे पाहिलं, मी आभाळाकडे. गोठ्यात एक तांबडी गाय होती, दुधापुरती. नानांना नीट दिसत तर नव्हतंच. त्यांनी तिच्या बरगड्या हाताने चाचपल्या, शिंगांच्या मध्ये खाजवलं, गव्हाणीतला कडबा नाकाशी धरला. गाईने त्यांचा फेटा चाटला. "हं," म्हणाले. पुढे माठ झाला. मग ओट्यावर बसलेल्या एका दात पडलेल्या म्हाताऱ्याशेजारी टेकले आणि कानात विचारलं, "सासरचे मान्सं कसे हायेत?" त्याला आधी काही उमजेना. उमजलं तेव्हा असा हसला की ठसका लागला.

कार्यालयात व्यवस्थापकांनी विचारायला सुरुवात केली, तर नाना मुलीच्या मामाच्या थाटात उत्तरं देऊ लागले. "पोरगी गरीब सभावाची हाय. सयपाक येत नाही. डोयानं अधू हाय, हे आधीच सांगून ठेवतो. लपवलेली खोट मंग भोवते. तंबाखू खाते, पन थुकाले भायेर जाते."

"कोण मुलगी?" व्यवस्थापक घाबरून म्हणाले. "इथे फक्त वृद्धांना..."

"अहो, मीच ना!"

हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं. तेवढ्यात जेवणाची घंटा झाली. नाना सावरून बसले, कारण खरी परीक्षा आता होती. आणि पानात काय आलं? भगर आणि शेंगदाण्याची आमटी. त्या दिवशी एकादशी होती! ज्या माणसाने उभ्या जन्मात तिथीवार चुकवला नाही, तो एकादशीच्या दिवशी सैपाक पारखायला आला होता. नाना पानाकडे पाहत बसले.

"अक्का सांगत होती ना मले," हळूच म्हणाले. "आज एकादशी, आज चतुर्थी. आता कोन सांगते?"

मला फार वाईट वाटलं. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "भगर तं चांगली झाली, नाना."

"भगरीवरून सयपाकीन कयत नसते बे. परत या लागन."

आमच्याकडे एकाच घरी दुसऱ्यांदा पाहायला जाणं म्हणजे निम्मा होकारच. हे मला माहीत होतं आणि नानांना तर होतंच. व्यवस्थापकांना तेवढं माहीत नव्हतं. दुसऱ्या खेपेला वांग्याची भाजी होती, ज्वारीची भाकर आणि ठेचा. नाना थोडं खात होते आणि कान देऊन बसले होते. सैपाकीणबाई त्या दात पडलेल्या म्हाताऱ्याजवळ बसून त्याची भाकर दुधात कुस्करत होती आणि कुस्करता कुस्करता त्याला रागावतही होती, "काल काऊन नाही जेवला? आज सोडत नाही तुमाले." नाना जेवायचे थांबले. अक्का त्यांना अशीच रागावायची.

हात धुऊन आले आणि व्यवस्थापकांना म्हणाले, "मीठ जरा कमी हाय. पन पसंत हाय. फोडा सुपारी."

सुपारी फोडल्याशिवाय आमच्यात सोयरीक पक्की होत नाही. व्यवस्थापक बिचारे कपाटं धुंडाळू लागले. तेव्हा नानांनी बंडीच्या खिशातून अडकित्ता आणि सुपारी काढली. म्हणजे म्हातारा घरूनच ठरवून निघाला होता!

जायच्या दिवशी यष्टीच्या थांब्यावर निम्मं गाव जमलं. नाना मजेत. याची खोड काढ, त्याला टोमणा मार. एका बाईला म्हणाले, "रडतं काऊन वं? तुह्या लगनात तू इतकी नोती रडली." आमच्या हिने लाडवांचा डबा दिला, हातावर साखर ठेवली. गाडी आली, लोकांनी पेटी टपावर चढवली. नाना पायरीवर पाय ठेवून थांबले, वळले, आणि माझं मनगट धरलं.

"सुपडू, दिवाईले मुराळी येशीन ना बे?"

सासरी गेलेल्या लेकीला सणाला माहेरी आणायला जो जातो तो मुराळी. चारही बहिणींचा मुराळी नानाच. दिवाळीच्या आधी यांची गाडी चार गावं फिरायची.

"काऊन का," नाना माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मुराळी नाही आला तं सासरचे वाईट नाही म्हनत कोनी. पन पोरगी दाराकडं पाह्यते. म्या पाह्यलं हाय ते. एका वर्षी मले ताप होता, मी उशिरा पोचलो. अक्का तुळशीपाशी उभी होती, गठुडं घेऊन."

मला रडू आलं, सरळ सांगतो, भर बाजारात. रागानेच म्हटलं, "येईन ना! हे काय इचारनं झालं? बसा गाडीत, तो कंडक्टर शिव्या देऊन राह्यला."

आता शिंप्याला दिवाळीत सवड म्हणजे काय असते, ते शिंप्यालाच विचारा. धनत्रयोदशीला माझ्या दुकानात कापडाचा ढीग छताला टेकला होता आणि गिऱ्हाइकं माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. मी दुकानाला कुलूप लावलं आणि मेहकरची गाडी धरली.

फाटकात नाना धुतलेलं धोतर नेसून बाकावर बसलेले, मांडीवर पिशवी. मला ओळखायला त्यांना अगदी जवळ यावं लागलं. "तूच का बे? मी तं इसरूनच गेलो होतो आज येनार म्हनून." मागे उभे असलेले व्यवस्थापक म्हणाले, "सकाळपासून फाटक सोडलं नाही यांनी." नानांनी न ऐकल्यासारखं केलं. तब्येत मात्र सुधारली होती. गालावर मांस आलं होतं, आणि सैपाकीणबाईच्या भाचीसाठी एक स्थळही पाहून ठेवलं होतं.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारी बसली होती. ठिगळाचं पण स्वच्छ लुगडं, पायापाशी गाठोडं. नजर आमच्याकडे आणि आमची नजर वळली की जमिनीकडे. नानांनी मला ओढत गोठ्याकडे नेलं.

"ते गोदामाय. लेकरू नाही, माहेर कवाचंच बुडालं. दिवाईचं नाव काढलं का कोपऱ्यात जाऊन बसते. म्या तिले सांगून टाकलं, सुपडू शिंपी माहा भाऊ हाय, त्याचं घर ते तुहं माहेर. आता माही अब्रू तुह्या हातात."

मनात म्हटलं, मेलो! घर दोन खोल्यांचं, त्यात एक कापडाने भरलेली, आणि हिला सांगितलं होतं एकाच माणसाचं. पण नानांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि बाकापाशी जाऊन गाठोडं उचललं. "उठ माय, यष्टी निघून जाईन." ती उठली ती कुणाकडेही न पाहता फाटकाबाहेर, आमच्या पुढे चालायला लागली.

डोणगावला पोचलो तर आमची ही दारात उभी. तिने गोदामायला पाहिलं, माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि आत गेली. आता आतून काय आवाज येतो म्हणून मी जीव मुठीत धरून उभा. बाहेर आली ती हातात भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन, सासरहून आलेल्या लेकीवरून ओवाळून टाकतात तसा.

नाना बाजूला सरकले. "तिले ओवाय. मी काय, गावातलाच हावो."

हिने गोदामायवरून तुकडा ओवाळला, पायांवर पाणी घातलं. मग वळून म्हणाली, "आता तुमी या समोर."

"मले कायले वं?"

"सासरहून आले ना? मंग या."

नानांनी जन्मभर बहिणींना दारापर्यंत आणून सोडलं आणि इकडे ओवाळणं चाललेलं असताना तिकडे आपण बैल सोडले. त्यांच्यावरून कुणी कधी तुकडा ओवाळला नव्हता. त्यांनी टोपी काढून हातात घेतली, मान खाली घातली आणि उंबऱ्यासमोर येऊन उभे राहिले.